रेच्याशी बोलणारी गोजरबाई

म्हातारपणी गोजरबाईची एक खोड सगळ्या आळीला ठाऊक होती. जिवाभावाचं काही सांगायचं असलं की ती आवाजच काढायची नाही. नुसते ओठ हलवायची आणि समोरच्याकडे अशी बघायची, की बाबा, एवढं साधं बोलणं तुला समजू नये? सुना वैतागायच्या. नवी शेजारीण म्हणायची, म्हातारी पुटपुटते. पुटपुटते कसली! खामगावला कापसाच्या जिनात तिची उमर गेली होती आणि जिनात माणसं अशीच बोलतात. ज्याला ऐकायचं त्यानं तोंडाकडे बघावं, नाहीतर आपल्या वाटेनं जावं, असा तिचा खाक्या होता.

ती जिनात लागली तेव्हाचं वऱ्हाड म्हणजे मोठी गंमत होती. कागदावर मुलूख निजामाचा, कारभार नागपूरला बसलेल्या मध्यप्रांताच्या साहेबांचा, आणि कापूस जायचा तिसऱ्याच्याच देशात. दसरा झाला की कापसाच्या बंड्या खामगावात अशा एकीला एक लागायच्या की मागच्या बंडीचा बैल पुढच्या बंडीतला कापूस आरामात चघळत उभा असायचा. गोजरबाईचा नवरा निवृत्ती अशीच एक बंडी हाकायचा. दिवसभर बैलांवर ओरडून ओरडून त्याचा घसा कायमचा बसलेला. घरी तो बोलला की कोणीतरी जुनं दार उघडतंय असं वाटायचं.

जीन म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत दोन्ही बाजूंना रेचे ओळीनं मांडलेले. रेचा हे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. एका इंजिनावर सगळे पट्टे फिरायचे, प्रत्येक रेच्यापुढे एक बाई उभी राहायची आणि ओंजळीनं कापूस त्याच्या तोंडी देत राहायची. सरकी खाली पडायची, रुई पुढे यायची आणि दोन्हींत न बसणारं जे काही असेल ते हवेत उडायचं. बायांच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, लुगड्याचा रंग कोणता ते घरी जाऊन झटकल्यावर कळायचं. आणि आवाज! शेजारणीनं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी नुसता गरम श्वास कळायचा.

म्हणून बायांनी आपली एक वेगळीच बोली काढली होती. थोडी ओठांची, थोडी हातांची. अंगठा ओठाला लावला की पाणी. मिशीला पीळ दिला की समजावं, मुकादम रंगराव येतोय. डोक्यावर हात फिरवला की खुद्द मालक, कारण मालक फेटा बांधायचे. या बोलीत नवऱ्याच्या तक्रारी व्हायच्या, लग्नं जुळायची, रंगरावाच्या मिशीचा तर रोज उद्धार व्हायचा, आणि तो बापडा मधून हात मागे बांधून चालत जायचा.

गोजरबाईला हा सगळा प्रकार पहिल्यापासून आवडला. ती धामणगाव बढ्याची, मळ्यात वाढलेली. सुरुवातीला त्या आवाजानं तिचं डोकं उठायचं, पण थोड्याच दिवसांत तिला एक गुपित सापडलं. आवाज फार मोठा झाला की त्याची शांतता होते. हात आपले कापूस देत राहतात आणि माणूस कुठंही जाऊन येतं. उडत्या रुईत डोळे अर्धे मिटून ती माहेरी जायची. मिरच्यांच्या वाफ्यात आई ओणवी उभी दिसायची, विहिरीवरची मोट दिसायची, पाटातलं पाणी पायाला लागायचं. कधी आई वर बघून काहीतरी बोलायची, तेही ओठांनीच. भोंगा झाला की ती तिथून परत यायची आणि पाय खरंच ओले नाहीत याचं तिला जरा वाईट वाटायचं.

जिनाचे मालक भगवानराव. वडील वारले तेव्हा शेती आणि जीन दोन्ही अंगावर पडलं. माणूस वाईट नव्हता. उलट चांगला होता, आणि आपण चांगले आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. इतर जिनांच्या मालकांत बसले की ते सांगायचे, आपल्या जिनात तक्रार नावाची चीज नाही, कारण आपण विचारतो. आणि ते विचारायचे, हे खोटं नाही. खंडेनवमीला इंजिनाला हार घालून पूजा झाली, नारळ फुटला की सगळ्यांना अंगणात गोळा करून, खुर्चीवर बसून, ते विचारायचे. पाठीमागे रंगराव मुकादम उभा. समोर सगळ्या बाया, डोक्यावर पदर. अशा वेळी काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंड कोणी दाबलं नव्हतं, ते आपोआप मिटायचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गोजरबाईच्या कडेवर विमल होती. श्रावणात झालेली, जेमतेम मान धरू लागलेली. भगवानरावांनी नेहमीसारखं विचारलं आणि कोणी बोलेना तेव्हा हसून म्हणाले, "बोला न. रडल्याबिगर माय बी लेकराले पाजत नाही."

"काही नाही मालक, समदं चांगलं हाय," असं सगळ्या म्हणाल्या. गोजरबाईही म्हणाली. प्रसाद घेऊन सगळ्या घरी गेल्या.

मग हंगाम सुरू झाला. लेकुरवाळ्या बाया पोरं घेऊनच यायच्या. शेडच्या पार टोकाला, कापसाच्या ढिगाऱ्यामागे, खांबांना झोळ्या बांधलेल्या असायच्या. सकाळी पोर झोळीत टाकायचं आणि दुपारचा भोंगा झाला की जाऊन पाजायचं. मधे रेचा सोडायचा नाही, हा रंगरावाचा कायदा. आदल्या हंगामात एकीनं मधेच जाऊ का म्हणून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या रेच्यावर दुसरीच बाई दिसली. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुमारास विमलचा आवाज बसला. संध्याकाळी ती रडायची तर नुसती खरखर. निवृत्ती खूश! बापावर गेली पोर, म्हणून त्यानं शेजारीपाजारी सांगितलं, आणि दोघं बापलेक एकमेकांशी खरखरत बसायचे. गोजरबाईलाही हसू यायचं. तिनं खडीसाखर चाटवली, कोमट तेल चोळलं, मग म्हणाली, असेल बापाचा घसा, काय करता.

तिची शेजारीण सत्यभामा, पलीकडच्या रेच्यावरची. तिची पोरं मोठी झालेली. एका संध्याकाळी तीच विमलला घ्यायला वाकली आणि पोरीच्या गालावरनं बोट फिरवून थांबली. गोजरबाईनं पाहिलं. विमलच्या दोन्ही गालांवर, डोळ्यांपासून कानापर्यंत, रुईच्या बारीक रेघा चिकटल्या होत्या. रुई काय, सगळ्यांच्याच अंगावर असायची. पण ही रेघेनं होती. जिथं ओलं होतं तिथंच चिकटली होती.

रोज संध्याकाळी गोजरबाईनं पदरानं ते तोंड पुसलं होतं. रोज. आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. पोर सकाळपासून रडते, रडून रडून घसा फोडते, आणि आपण त्याच छपराखाली उभ्या राहून माहेरच्या पाटात पाय भिजवत असतो. रडल्याबिगर माय पाजत नाही म्हणे! इथं लेकरू रडतंय आणि मायला ऐकू येत नाही, याला कोणती म्हण आहे? तिला स्वतःचा इतका राग आला की विमलला जवळ घ्यायची लाज वाटू लागली. पण घेतलं, कारण पोर भुकेली होती.

काम सोडावं तर पावसाळ्यात खायचं काय? निवृत्तीची बंडीही हंगामापुरतीच. सांगावं तर आदल्या वर्षीची ती बाई डोळ्यांपुढे. गोजरबाई दुसऱ्या दिवशी रेच्यावर उभी राहिली आणि आता तिला माहेरी जाता येईना. डोळे मिटले की वाफ्यातली आई मान वळवून ढिगाऱ्याकडे बघायची. मग गोजरबाई बोलू लागली. रेच्याशीच, मोठ्यानं, पार बेंबीच्या देठापासून. लेकीचं सांगायची, रंगरावाला शिव्या द्यायची, मालकाला तर काय काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. रेचा सगळं ऐकून घ्यायचा. सत्यभामेला ओठांवरनं सगळं वाचता यायचं आणि ती मान खाली घालून कापूस देत राहायची.

पौषात एके दिवशी भगवानराव शेडच्या दारात उभे होते. मालक आले की इंजिन काही अदबीनं चालत नाही. मोठा पट्टा सटकला, शेडभर फडफडला, आणि सगळे रेचे एका दमात थांबले. अशी शांतता त्या शेडमध्ये हंगामात कधी झाली नव्हती. त्या शांततेत गोजरबाईचं वाक्य अर्ध्यावर होतं, आणि ते तसंच पुढे गेलं.

"...दिवसभर रडते माही लेक, अन मले आयकू येत नाही. मालकाच्या त कानातच रुई भरली हाय!"

शेवटचा शब्द पत्र्यावर आपटून खाली आला. आणि मग सगळ्यांना दुसरा एक आवाज ऐकू आला. ढिगाऱ्यामागून, झोळ्यांमधून, पोरं रडत होती. एक नाही, बरीच. काही जोरात, काही कण्हल्यासारखी, आणि त्यांत एक खरखर. ती पट्टा सटकला म्हणून रडायला लागली नव्हती. ती आधीपासून रडतच होती.

पट्टा चढवेपर्यंत बाया रेचे सोडून झोळ्यांकडे धावल्या आणि रंगरावानं कोणालाही अडवलं नाही. गोजरबाई मात्र जागची हलू शकली नाही. भगवानराव समोर येऊन उभे होते. ते रागावलेले दिसत नव्हते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही मालक," गोजरबाई म्हणाली.

त्यांनी तिला कचेरीत बोलावलं. बस म्हणाले, ती बसली नाही. कोणी काही करणार नाही, सांग, असं परोपरीनं म्हणाले. तिनं सांगायचं ठरवलंही. ओठ हलले, पण त्या शांत खोलीत, भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीत, आवाज फुटेना. इतके दिवस ज्या आवाजाच्या आडोशाला ती बोलली होती तो आडोसाच तिथं नव्हता. मोठ्यानं बोल, असं मालक म्हणाले तेव्हा तर तिचे ओठही थांबले. ती परत रेच्यावर गेली आणि उद्या आपल्या जागी दुसरी कोणी दिसणार, असं धरून चालली. विमलला पाठीशी बांधून कुठंतरी निघून जावं, असंही मनात आलं. पण जाणार कुठं?

दुसऱ्या दिवशी तिच्या रेच्यावर तीच होती. आणि मालक दारात. तिसऱ्या दिवशीही दारात. मग दारातून आत, आणि थेट तिच्या रेच्याजवळ. कानात रुई भरल्याचं त्यांना फार लागलं होतं. गोजरबाई त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची आणि बोलत राहायची. आता ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. भगवानरावांनी सत्यभामेला खुणेनं विचारलं, ही काय म्हणते? सत्यभामेनं कानावर हात ठेवून, तान घेतल्यासारखी मान हलवून दाखवलं, की गाणं म्हणते मालक. ते तिच्याकडे बघत राहिले. आपल्याला उल्लू बनवलं जातंय एवढं कळायला कान लागत नाहीत.

तेव्हापासून तो माणूस ऐकायला शिकू लागला. खरंच सांगते मंडळी, फेटा, कोट, सगळं रुईनं पांढरं होऊन तो रोज त्या ओळींमधून फिरायचा आणि बायांच्या तोंडाकडे बघायचा. आधी बाया लाजल्या, मग वैतागल्या. मग एक दिवस मालकांनी अंगठा ओठाला लावून पाणी मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी रंगराव येताना पाहून स्वतःच मिशीला पीळ दिला. सगळी ओळ हसली. पुढं त्यांनी काहीतरी मोठं बोलायचं ठरवलं आणि हातवारे असे केले, की त्यांचा अर्थ 'माझी सासू मला छळते' असा झाला. सत्यभामा हसता हसता खालीच बसली. मालकही हसले, काय बोललो ते न कळताच.

ढिगाऱ्यावर उन्हाची तिरीप पडलेली, रुई तिच्यातून वर वर जात होती, अशा एका सकाळी गोजरबाई अर्धवट तंद्रीत होती. रेच्यापलीकडे कोणीतरी उभं होतं. तिला वाटलं आई आहे. ती नेहमीसारखं सांगू लागली, पण आता शिव्या संपल्या होत्या, नुसतं लेकीचंच उरलं होतं. ती रडते गं. गालावर रुईच्या रेघा असतात. मला ऐकू येत नाही गं, मी काय करू? तिच्या स्वतःच्या गालांवरनं पाणी वाहत होतं आणि हात कापूस देत होते.

समोरच्या माणसानं तिच्या ओठांवरची नजर हलवली नव्हती. मग त्यानं, अजिबात आवाज न करता, नुसते ओठ हलवले.

"तुही कोनती?"

गोजरबाईनं डोळे पुसले. आई नव्हती, फेटा होता. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तिनं ढिगाऱ्याकडे बोट केलं आणि ओठांनीच सांगितलं, हिरव्या लुगड्याची झोळी. मालक ढिगाऱ्यामागे गेले आणि येताना झोळीतली पोर दोन्ही हातांवर आडवी घेऊन आले. पोर कशी धरावी हेही त्यांना धड माहीत नव्हतं. ती तोंड उघडून रडत होती आणि त्या गदारोळात तिचं उघडं तोंड तेवढं दिसत होतं. मालकांनी पोर गोजरबाईच्या हातात दिली आणि तिच्या जागी रेच्यापुढे उभे राहून, जमेल तसा, कापूस देऊ लागले.

रंगराव धावत आला. मालकांनी त्याच्याकडे वळून ओठांनीच विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

रंगरावानं पुढच्याच क्षणी मान डोलावली. मग त्याच्या ध्यानात आलं, की या गदारोळात ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणजे आपण ओठ वाचतो हे मालकांना कळलं, आणि तो पांढराफटक पडला. भोंग्यानंतर त्यानं सगळं कबूल केलं. दोन्ही कान कधीच गेले होते. शांत कचेरीतसुद्धा तो ओठ वाचूनच हुकूम घ्यायचा. म्हणजे बायांचं बोलणं, मिशीचा उद्धार, सगळं त्याला वर्षानुवर्षं कळत होतं. बायांना तर धरणी ठाव देईना.

"मग सांगतलं काऊन नाही?" मालकांनी विचारलं.

"मले कोनी विचारलंच नाही मालक," रंगराव म्हणाला. "अन भयऱ्या मुकादमाले ठेवलं असतं का तुम्ही?"

भगवानरावांनी त्याला ठेवला. मग कसं करावं, हे त्यांनी अंगणात खुर्ची टाकून नाही विचारलं. इंजिन चालू असताना, ओळीओळीनं, एकेकीपुढे उभं राहून विचारलं, आणि बायांनी भराभरा सांगितलं. झोळ्या कडुनिंबाखाली न्या. हात थरथरतो म्हणून घरी बसलेल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाईला पोरांपाशी बसवा. सकाळीच एकदा इंजिनाला दम घेऊ द्या, म्हणजे पोरं पाजून होतील. बाकी वेळी पोर रडलं तर मनकर्णाबाईनं शेडच्या दारात येऊन त्याची खूण करावी; पहिलीनं दुसरीला द्यावी, दुसरीनं तिसरीला. प्रत्येक पोराला एक खूण मिळाली. विमलची खूण होती घशाला दोन बोटं. असं रडणं हातोहात त्याच्या मायपर्यंत पोचू लागलं आणि ती रेचा शेजारणीवर सोपवून बाहेर जाऊ लागली. यात रुई कमी निघाली की जास्त, ते भगवानरावांनी कोणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या जिनवाल्यांत बसून आपल्याकडे तक्रार नाही अशी फुशारकी मारणं त्यांनी सोडलं. उलट म्हणायचे, आमच्याकडे लई तक्रारी आहेत बुवा.

फाल्गुन लागला. कडुनिंबाची पानं गळून कोवळी पालवी आली होती. सकाळी इंजिन थांबलं, रेचे थांबले, आणि गोजरबाई पदर झटकत, अजून थोडी माहेरीच असल्यासारखी, दाराकडे चालली होती. बाहेरून एका लेकराचा आवाज आला. रडण्याचा नव्हता. ते कोणाशी तरी बोलत होतं, आपलंच काहीतरी, मधेच खिदळत होतं. आवाज बारीक, स्वच्छ, पाटातून पाणी यावं तसा सरळ येणारा. गोजरबाई दारातच थांबली. इतकं गोड लेकरू कोणाचं आलंय नवीन, असं तिला वाटलं, आणि तिनं सत्यभामेला विचारलं.

सत्यभामा तिच्याकडे बघत राहिली. मग इंजिन थांबून सगळं शांत असूनही तिनं आवाज काढला नाही. घशाला दोन बोटं लावली.